स्टार्ट म्हणजे नुसतं ‘सुरू’ नव्हे

आमच्या शेजारची मुलगी यंदा दहावीला आहे. इंग्रजी उतारा मराठीत करताना तिनं लिहिलं, ‘बेल वाजताच आजी सुरू झाल्या.’ मूळ शब्द होता स्टार्ट. तिथे ‘दचकल्या’ हवं होतं. पण तिच्या चुकीमुळे मला हा शब्द पुन्हा नीट पाहावासा वाटला, कारण त्याचं मूळ दचकण्याच्याच बाजूला आहे.

जुन्या इंग्रजीत स्टार्ट म्हणजे उडी घेणं, एकदम उसळणं. जर्मन शिकणाऱ्यांना (आणि पुण्यात ते गल्लोगल्ली आहेत) ‘श्टुर्त्सन’ माहीत असेल, म्हणजे कोसळणं, झेपावणं. तो याचाच भाऊबंद. ‘स्टार्टल’ही त्याच घरातला. झुडपात दबा धरून बसलेला ससा शिकाऱ्यानं उठवला, तर त्यालाही स्टार्टच म्हणत. आरंभ हा अर्थ मागाहून रुळला. म्हणूनच इंग्रजीत इंजिन ‘बिगिन’ होत नाही, स्टार्टच होतं. भाषण मात्र दोन्ही होऊ शकतं.

आमच्या बाबांची जुनी स्कूटर पावसाळ्यात सकाळी स्टार्ट घ्यायची नाही. मग ती तिरकी करायची, चोक ओढायचा आणि किकवर किक. पाच-सहा किका फुकट गेल्यावर एकदा इंजिन हिसका द्यायचं, सगळी गाडी थरथरायची आणि वाड्याच्या बोळात धूर भरायचा. तो हिसका म्हणजे स्टार्ट. पुढे १९८०च्या दशकात कायनेटिक होंडा आली, बटण दाबलं की काम झालं, आणि ‘सेल्फ मार’ हे बोलणं स्कूटरवाल्यांच्याही तोंडी बसलं.

मराठीत आपण या सगळ्याला सरसकट ‘सुरू’ लावतो. हा अरबी शब्द फारसीतून आपल्याकडे आला. (जाता जाता: ‘सुरू’तला रू दीर्घ, ‘सुरुवात’मधला ऱ्हस्व. दुकानांच्या पाट्यांवर हे हमखास उलटं असतं.) शब्द चांगलाच आहे, माझी तक्रार आहे ती त्याच्या एकट्यावर सगळा भार टाकण्याची. शिक्षणाचा श्रीगणेशा किंवा ओनामा होतो, नाटकाची नांदी होते, कामाचा नारळ फुटतो. मंडईत सकाळी पहिलं गिऱ्हाईक झालं की भाजीवाली मावशी नोट कपाळाला लावते आणि म्हणते, ‘भवानी झाली.’ दिवसाच्या पहिल्या विक्रीला इतका नेमका शब्द असताना तिथे ‘विक्री सुरू झाली’ कोण म्हणेल?

आणि स्टार्टमधली ती उसळी? ती आपल्या ‘फुटणे’त आहे, असं माझं ठाम मत आहे. झाडाला पालवी फुटते, गाईला पान्हा फुटतो, रडू फुटतं, भांडणाला तोंड फुटतं. आत काहीतरी दाटलेलं असतं आणि ते एका क्षणी बाहेर येतं. ‘लागणे’ मात्र सावकाश, ‘बिगिन’सारखं: उजाडायला लागलं, पोर बोलायला लागलं.

त्यामुळे अनुवाद करताना स्टार्ट दिसला की आधी बघावं, गोष्ट हळूहळू लागली की एकदम फुटली. ‘दोघांत वाद सुरू झाला’ हे चूक नाही. पण बराच वेळ धुमसून कोणीतरी पहिला शब्द टाकला असेल, तर ‘वादाला तोंड फुटलं’ असंच लिहावं.