लाल पाकिटातून आलेला सिनेमा

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणांना जगाचा सिनेमा पहिल्यांदा भेटला तो लाल पाकिटातून. टपालाने डीव्हीडी पाठवण्याची नेटफ्लिक्सची सेवा १९९८ मध्ये सुरू झाली आणि २९ सप्टेंबर २०२३ ला शेवटची पाकिटं निघाली. जुने, परभाषेतले कोणते सिनेमे तुम्हाला असे घरबसल्या सापडले, ते लिहा. सुरुवात मी करते.

२००४ साली लग्न होऊन न्यू जर्सीत आले. डिपेंडंट व्हिसा, त्यामुळे नोकरीची परवानगी नाही आणि गाडीही चालवता येत नव्हती. दुपारी वळणावर पोस्टाची गाडी दिसली की मी जिना उतरायचे. आमचा प्लॅन तीन डिस्कचा होता. एक परत गेली की यादीतली पुढची निघायची. लेट फी नाही, म्हणून काहीही मागवून बघायची हिंमत व्हायची. एरवी दुकानात पैसे मोजून मी १९४८ चा इटालियन कृष्णधवल सिनेमा कधीच उचलला नसता. हा ‘बायसिकल थीव्ज’ लंडनला पाहून सत्यजित रायनी ‘पथेर पांचाली’ करायचं पक्कं केलं, असं कुठल्याशा दिवाळी अंकात वाचलं होतं, तेवढ्यावर तो यादीत टाकला. शेवटी पोरगा बापाचा हात धरतो ना, तिथे मी हमसून रडले. नवरा घरी आला तेव्हा सिनेमा दुसऱ्यांदा चालू होता आणि कुकरही लावलेला नव्हता.

*

ओहायोतलं छोटं कॉलेजगाव, २००७ चा हिवाळा. आम्ही चौघं एका खोलीत, त्यातले दोघे तेलुगू. जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा ‘सेव्हन सामुराय’ २०७ मिनिटांचा, दोन डिस्कवर. प्रत्येक डिस्क यादीत वेगळी टाकावी लागते हे मला माहीत नव्हतं. शुक्रवारी रात्री सिनेमा अर्ध्यावर थांबला. मंगळवारी दुसरी डिस्क येईपर्यंत आम्ही वहीच्या कागदावर सिनेमातल्या गावाचा नकाशा काढून दरोडेखोर कुठून येतील यावर भांडत होतो. सिनेमा इतका मन लावून मी पुन्हा पाहिलेला नाही.

*

२०१० मध्ये आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी मिशिगनला आली होती. इंग्रजी सबटायटल्सचा वेग तिला झेपेना. म्हणून जेवणं झाली की मी रिमोट घेऊन बसायचो, दर दोन वाक्यांना पॉज करायचो आणि मराठीत सांगायचो. जपानी दिग्दर्शक ओझूचा ‘टोक्यो स्टोरी’ सव्वादोन तासांचा, आम्हाला तीन रात्री लागल्या. म्हातारे आईवडील मुलांना भेटायला शहरात येतात. मुलांना सवड नाही. शेवटी ती दोघांना अतामीला, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी, धाडून देतात. तिथे मी पॉज केला तर आई म्हणाली, “राहू दे. कळतंय मला.”

पुढे मी फार बोललोच नाही. युद्धात गेलेल्या मुलाची बायको तेवढी ऑफिसातून रजा घेऊन सासूसासऱ्यांना शहर दाखवते. “बघ रे, सून असून कशी करते,” एवढंच आई म्हणाली. पाकिटाच्या खिडकीतून बारकोड दिसतोय ना हे पाहून ते चिकटवायचं काम तिने स्वतःकडे घेतलं होतं. त्या डिस्कचं पाकीट चिकटवताना तिने दोनदा अंगठा फिरवला. सकाळी मी रजा टाकली आणि तिला लेक मिशिगनच्या काठावर घेऊन गेलो. दोन महिने नुसतं ‘जाऊ, जाऊ’ चाललं होतं.

*

सेवा बंद होताना हातातल्या डिस्क ठेवून घ्या म्हणाले. माझ्याकडे कुरोसावाच्या ‘इकिरू’ची राहिली. त्यातला तो म्हातारा कारकून बर्फात झोपाळ्यावर बसून गातो, ते मी दर वर्षी एकदा बघतेच. यादीत अजून ११२ नावं होती. साइट बंद व्हायच्या आदल्या रात्री ती सगळी हाताने वहीत उतरवून घेतली. पैकी कित्येक आज कुठल्याच स्ट्रीमिंगवर मला सापडत नाहीत. गावच्या लायब्ररीतून मागवतेय. आत्तापर्यंत एकोणीसांवर खूण झाली आहे.