लोकांच्या विरंगुळ्यावर राज्याने पैसा खर्च करावा का?

रानवाट:
राहणीमान म्हटलं की रस्ते, वीज, पाणी, नोकऱ्या एवढंच मोजतात आणि मोकळा वेळ घालवायचा कुठे हा प्रश्न आला की लगेच चैन म्हणून बाजूला सारतात, हे मला अजिबात पटत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, पण चालत जाण्याजोगं मैदानच नसेल तर तो करायचा कुठे? जिम सगळ्यांना परवडत नाही. राज्याने एखादं पर्यटनस्थळ नटवण्यापेक्षा वस्त्यांजवळ फुकट मोकळ्या जागा द्याव्यात, रोज तिथं राहणाऱ्यांसाठी.

हिशेबी:
साफ असहमत. आधी दवाखाने आणि शाळा धड होऊ देत. आणि फुकट म्हणजे काय हो, बाग करायला एकदाच पैसे लागतात पण माळी, पाणी, राखण हा खर्च दरवर्षीचा आहे. उद्घाटन होतं आणि दोन पावसाळ्यांत झोपाळ्याच्या नुसत्या साखळ्या लोंबतात. तिकीट लावा, निदान देखभाल तरी होईल.

रानवाट:
तिकीट लावलं की ज्याला खरी गरज आहे तोच बाहेर राहतो. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याच्या मतदारांनी १९९२ मध्ये त्या राज्याच्या घटनेतच दुरुस्ती करून लॉटरीचा नफा उद्यानं, पायवाटा, मोकळ्या जमिनी यांच्यासाठी बांधून टाकला, त्यामुळे सरकार बदललं तरी पैसा दुसरीकडे वळवणं सोपं नाही. असा राखीव निधी हवा.

हिशेबी:
लॉटरीची तिकिटं घेतं कोण? घेतात सगळेच, पण कमाईच्या मानाने जास्त पैसा जातो तो कमी कमाईवाल्यांचा. म्हणजे गरिबाच्या खिशातून काढून सगळ्यांना बाग, याला न्याय म्हणायचं का? त्यापेक्षा सरळ कर लावा आणि हिशोब लोकांसमोर मांडा.

सांजवेळ:
तुमचं दोघांचं पैशावरच चाललंय. जागा असूनही वापरता येत नाही त्याचं काय? स्वच्छतागृह नाही, असलं तर कुलूप, संध्याकाळी अर्धे दिवे बंद, बाकाला पाठ टेकायला काही नाही. वयस्कर माणूस किंवा लहान मूल घेऊन आलेली बाई तिथे किती वेळ बसणार? आणि दुपारी गेट बंद ठेवतात, जेव्हा शिफ्टवाल्यांना नेमका मोकळा वेळ असतो. मला विचाराल तर नवीन काही बांधूच नका आधी, आहे ते उघडं ठेवा.

हिशेबी:
हे मात्र मान्य. पण दिवे आणि राखणदार म्हणजे परत दरवर्षीचा खर्च, मी तेच म्हणतोय.

रानवाट:
खर्च आहेच, नाकारत नाही. पण जागा एकदा गेली की नंतर कितीही पैसे ओता, परत मिळत नाही. अमेरिकेतल्याच ओरेगॉन राज्यात १९६६ च्या सुमारास एका मोटेलवाल्याने समोरचा किनारा आपल्या गिऱ्हाइकांसाठी अडवला, लोक खवळले आणि १९६७ मध्ये कायदा झाला की किनाऱ्यावर सगळ्यांना जाता येईल. तेव्हा गप्प बसले असते तर आज कुंपणं दिसली असती. म्हणून सांजवेळ, आहे ते उघडं ठेवा हे शंभर टक्के बरोबर, पण नवीन वस्तीचा आराखडा होतानाच जागा राखून ठेवा, बाग नंतर केली तरी चालेल.

सांजवेळ:
चालेल, फक्त त्या राखून ठेवलेल्या जागेचं पार्किंग होणार नाही हे कोण बघणार ते आधी ठरवा.