मदत हवी आहे: देसालीनने 'सम्राट' हीच पदवी का घेतली?

फ्रान्सपासून स्वतंत्र झालेल्या हैतीचा पहिला शासक ज्याँ-जाक देसालीन, त्याच्यापाशी अडलोय. १ जानेवारी १८०४ ला स्वातंत्र्य जाहीर झालं, तेव्हा तो गव्हर्नर-जनरल होता. ऑक्टोबरात राज्याभिषेक, म्हणजे नेपोलियनच्या (२ डिसेंबर) आधी. नेपोलियन सम्राट झाल्याची घोषणा मात्र मे महिन्यातच झाली होती, त्यामुळे अनुकरणाची शक्यता उरतेच.

१८०५ ची राज्यघटना वाचली. मुकुट वंशपरंपरागत नाही, निवडीने मिळणारा. शिवाय सम्राटाने परमुलखावर स्वारी करायची नाही. ना घराणं, ना साम्राज्यविस्तार, विलक्षणच आहे हे!

'गव्हर्नर-जनरल'मध्ये फ्रान्सची ताबेदारी डोकावते हे पटतं, पण त्यातून जुनी पदवी का टाकली एवढंच कळतं. पुढे १८११ मध्ये देसालीनचाच एक सेनापती आंरी क्रिस्तोफ उत्तर हैतीत राजा झालाच की. फ्रेंच वाचता येतं, मूळ कागद चालतील. राजा किंवा राष्ट्राध्यक्ष न होता सम्राटच का, याचं उत्तर १८०४ च्या कोणत्या कागदात शोधावं?