डिलनने गिटारला वायर जोडली, तेव्हा त्याने लोकांची साथ सोडली का?

डफ_आणि_गिटार

गेल्या महिन्यात सोलापुरात एका जयंतीच्या कार्यक्रमात आम्ही चौघांनी शाहिरी गाणी म्हटली. डफ होता, तुणतुणं होतं, सोबत इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम. तिसऱ्या गाण्याला पुढच्या रांगेतली वयस्कर माणसं उठायला लागली. एक आजोबा स्टेजजवळ थांबून म्हणाले, "बाळांनो, हे आमचं राहिलं नाही." ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

बॉब डिलन या अमेरिकी गायक-गीतकारावर हीच वेळ आली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जन्म १९४१, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातला. वाढला हिबिंग नावाच्या लोखंडाच्या खाणींच्या गावात. १९६१ च्या जानेवारीत न्यूयॉर्कला गेला. वुडी गथ्री हा त्याचा दैवतासारखा लोकगायक तेव्हा असाध्य आजाराने इस्पितळात होता, त्याला भेटून त्याच्यासमोर गाणी म्हटली. दोनच वर्षांत नागरी हक्कांच्या चळवळीत त्याची गाणी तोंडोतोंडी झाली. २८ ऑगस्ट १९६३ ला वॉशिंग्टनला लाखोंचा मोर्चा निघाला, मार्टिन ल्यूथर किंग यांचं ते प्रसिद्ध भाषण झालं, त्या दिवशी हा बावीस वर्षांचा पोरगा तिथे गायला. एक लाकडी गिटार, गळ्यात अडकवलेला माउथ ऑर्गन, बस्स.

मग २५ जुलै १९६५. न्यूपोर्टचा लोकसंगीत महोत्सव. डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन बँडसकट उभा राहिला. तीन गाणी झाली, लोकांनी हुर्यो उडवली. पुढच्या वर्षी मे महिन्यात मँचेस्टरला एकाने प्रेक्षकांतून "जुडास!" अशी हाक मारली. म्हणजे येशूला पकडून देणारा, विश्वासघातकी.

माझं मत स्पष्ट आहे. डिलन बरोबर होता. लोकगीत काचेच्या कपाटात ठेवलं की ते लोकांचं राहत नाही. हिबिंगच्या शाळेत असताना तो रॉक अँड रोलच वाजवायचा, म्हणजे वीज त्याच्या गाण्यात बाहेरून आली नाही. तो थांबला असता तर लोकगीत आणि रॉक यांचा जो संगम पुढे जगभर झाला, त्याला निदान उशीर झाला असता. तुम्हाला काय वाटतं?

बार्शीची_लेक

मला नाही पटलं. माझ्या वडिलांनी बार्शीच्या गिरणीत आयुष्य काढलं. अमर शेख आमच्या बार्शीचे. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, जन्म १९१६. बसवर क्लीनर होते, गिरणीत राबले, तुरुंग भोगला, मग अण्णा भाऊ साठे आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा पहाडी आवाज कुठे कुठे पोचला ते जुनी माणसं सांगतील. वडील मला खांद्यावर घेऊन गाणं ऐकवायला न्यायचे. मी लहान होते, अर्थ कळत नव्हता, पण वडिलांचे खांदे गाण्याबरोबर हलायचे ते अजून आठवतं.

१९६९ ला अपघातात ते गेले. तोपर्यंत माणूस ज्यांच्यातून आला त्यांच्यासाठीच गात राहिला. आणि तुमचा डिलन? चळवळीत किती वर्षं होता? दोन, फार तर अडीच. लोकांनी डोक्यावर घेतलं आणि हा निघून गेला. लोक चिडले ते गिटारवर नाही. आपला माणूस निघून चालला हे त्यांना दिसत होतं.

साऊंडवाला_दादा

वीस वर्षं मंडपात साऊंड लावतो, म्हणून या विषयावर बोलायचा हक्क आहे असं समजतो. न्यूपोर्टबद्दल सगळे गिटारवर बोलतात. आवाजावर कोणी बोलत नाही.

तो महोत्सव म्हणजे एक गळा, एक लाकडी वाद्य, पुढे एक माईक. तिथले कर्णे आणि मिक्सर त्याच हिशोबाने. त्यात अचानक दोन इलेक्ट्रिक गिटार, बेस, ऑर्गन आणि ड्रम आले. गिटारचे अँप स्टेजवरच गरजत होते, गळा मात्र कर्ण्यातून जायचा. अशा वेळी गळा कायम हरतो. पीट सीगर, त्या चळवळीतला सगळ्यात मोठा गायक, "कुऱ्हाड असती तर वायर तोडली असती" असं म्हणाला, ही गोष्ट सगळे सांगतात. पण त्याने स्वतः नंतर खुलासा केला की राग विजेच्या वाद्यांचा नव्हता. आवाज इतका फाटत होता की शब्द कळत नव्हते, आणि ते शब्द लोकांपर्यंत जावेत अशी त्याची तळमळ होती.

आता धागाकर्त्याला विचारतो. तुमच्या कार्यक्रमात आजोबा उठले तेव्हा शब्द ऐकू येत होते का?

डफ_आणि_गिटार

दादा, खरं सांगतो. आम्हाला स्टेजवर येत होते. खाली काय येत होतं ते आम्ही तपासलं नाही.

साऊंडवाला_दादा

मग अर्धं उत्तर तिथेच आहे. डफाचा ठोका आणि ड्रमचा किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ढोल, एकाच जागी बसले की खालच्या सुरांचा गाळ होतो आणि शाहिराचं अक्षर त्यात बुडतं. तुणतुण्याला तर माईक वेगळाच लागतो, नाहीतर ते फक्त दिसतं. मी तिथे नव्हतो, पण हे डोळे मिटून सांगू शकतो.

पूर्व_भाग

काय बोलालाव ओ सगळे, मला माझ्या घरातलं सांगू द्या.

आम्ही तेलुगू, चार पिढ्या सोलापुरात, विणकाम करणारे. आमचे आजोबा हातमागावर बसायचे. धोटा इकडून तिकडे जायचा त्याच्या तालावर गाणी म्हणायचे, शेजारच्या मागावरचा माणूस पुढची ओळ धरायचा. नान्नांनी, म्हणजे वडिलांनी, यंत्रमाग घेतले. चादर तीच सोलापुरी, नक्षी तीच, उलट जास्त निघायला लागली, घरात दोन पैसे आले, मी शिकलो. म्हणून यंत्राला वाईट म्हणायची माझी हिंमत नाही. डफ_आणि_गिटार यांची बाजू मला त्यामुळेच कळते. यंत्र आलं म्हणून चादर परकी झाली नाही.

पण यंत्रमागाच्या शेडमध्ये गाणं बंद झालं. तिथे शेजाऱ्याला हाक मारायची तर ओरडावं लागतं. नान्नांना आता एका कानाने कमी ऐकू येतं, आणि आजोबांचं एकही गाणं त्यांना पूर्ण येत नाही. माणूस गाणं विसरला कारण त्याला बारा तास स्वतःचा आवाजच ऐकू येत नव्हता. त्यामुळे त्या म्हाताऱ्या आजोबांना काय झालं असेल ते मी समजू शकतो. दोन्ही बाजू खऱ्या वाटतात, मी कुठे उभा आहे ते अजून ठरत नाही.

बार्शीची_लेक

पूर्व_भाग, तुमचं वाचून डोळे भरले.

तुळजापूर_वेस

धाग्यात तारखांचा गोंधळ होतोय, तो आधी सोडवू.

डिलनने मोर्चाची गाणी सोडली ती १९६५ मध्ये नाही. १९६४ च्या ऑगस्टमध्ये त्याची चौथी तबकडी आली. त्यात निव्वळ लाकडी गिटार, माउथ ऑर्गन आणि थोडा पियानो. वीज नावाला नाही. आणि तरी चळवळीची गाणी त्यातून जवळजवळ गायब होती. प्रेम, विरह, स्वतःशी भांडण, असं सगळं. त्याही आधी, १९६३ च्या डिसेंबरमध्ये, एका नागरी हक्क समितीने त्याला पुरस्कार दिला तेव्हा समारंभात तो असं काही बोलला की समोरचे लोक ओरडायला लागले. म्हणजे बिनसायला सुरुवात झाली तेव्हा हातात लाकडी गिटारच होती.

दुसरं, न्यूपोर्टला धक्का बसला असंही सरसकट म्हणता येत नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये आलेल्या तबकडीची एक आख्खी बाजू बँडबरोबर होती. लोकांनी ती विकत घेतली होती.

त्यामुळे बार्शीच्या ताईंचा मुद्दा मला धागाकर्त्याच्या मुद्द्यापेक्षा वजनदार वाटतो. प्रश्न विषयाचा आहे, वाद्याचा नाही. फक्त एक भर. तो पूर्ण पाठ फिरवून गेला हेही खरं नाही. १९७५ मध्ये रूबिन कार्टर हा कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात होता, त्याच्यासाठी डिलनने भलंमोठं गाणं लिहिलं आणि कार्यक्रमही केले. ते गाणं बँडबरोबरचं होतं. कार्टरची शिक्षा १९८५ मध्ये न्यायालयाने रद्द केली.

बार्शीची_लेक

हे कार्टरचं मला माहीत नव्हतं. तेवढं मान्य करते. पण मधली दहा वर्षं? ज्या वर्षांत व्हिएतनाममध्ये बॉम्ब पडत होते आणि लोक त्याच्या दाराशी जाऊन "तू बोल" म्हणत होते?

डफ_आणि_गिटार

काकू, १९६६ च्या जुलैत त्याला मोटारसायकलचा अपघात झाला. नंतर १९७४ पर्यंत त्याने दौरा केला नाही. घरी बायकोमुलांत राहिला. पंचविशीतल्या माणसाला एका पिढीचा आवाज म्हणून खांबाला बांधून ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. शाहीर आधी माणूस असतो ना?

बार्शीची_लेक

अमर शेखही माणूसच होते बाळा. त्यांनाही घर होतं, लेक होती.

वेशीवरचा_वाचक

आपल्या गावच्या माणसाला सगळे विसरलात. राम जोशी!

पेशवाईच्या शेवटच्या काळातला सोलापूरचा हा कवी. ब्राह्मणाच्या घरातला, तमाशाच्या नादी लागला म्हणून थोरल्या भावाने घराबाहेर काढलं. पंढरपूरला जाऊन संस्कृत शिकला, आणि परत येऊन लावण्याच रचल्या. पण आता लावणीत शास्त्र-पुराणांची भाषा आली. तेव्हाही दोन्हीकडून बोलणी बसली असणार, पंडित म्हणत असतील बाटला आणि फडावरचे म्हणत असतील जड झाला. उत्तरायुष्यात बारामतीच्या मोरोपंतांच्या सांगण्यावरून त्याने डफ फोडला आणि कीर्तनाला उभा राहिला, अशी आख्यायिका आहे.

डिलनला जुडास म्हणणाऱ्यांनी राम जोशीला काय म्हटलं असतं? त्याने तर वाद्य, विषय, श्रोते, तिन्ही बदलले. आणि आज आपण त्याला कशासाठी ओळखतो? लावणीसाठी. फडासाठी. ज्या डफाला त्याने फोडलं म्हणतात त्यासाठीच. कलाकार काय सोडतो यावर त्याचा हक्क, लोक काय धरून ठेवतात यावर लोकांचा.

तुळजापूर_वेस

राम जोशीचा मुद्दा आवडला, पण तुलना पूर्ण बसत नाही. तमाशा सोडणं ही त्या काळी प्रतिष्ठेकडे जाणारी वाट होती. डिलन प्रतिष्ठा सोडून शिव्यांकडे गेला. १९६६ च्या दौऱ्यात पहिला अर्धा भाग एकट्याने लाकडी गिटारवर, तेव्हा शांतता. दुसऱ्या भागात बँड, तेव्हा हुर्यो. गावोगाव हेच. ड्रमवाला लेव्हॉन हेल्म तर आधीच्या वर्षीच वैतागून सोडून गेला होता. डिलन मात्र रोज रात्री तेच करत राहिला. याला मी पळ म्हणणार नाही.

नवी_पेठ_९०

नोबेल २०१६ चं. "अमेरिकी गीतपरंपरेत नवी काव्याभिव्यक्ती निर्माण केल्याबद्दल" अशा अर्थाचं मानपत्र. परंपरेत म्हटलंय, परंपरा मोडून असं नाही. आणि २०२० मध्ये त्याने आपल्या सहाशेहून जास्त गाण्यांचे हक्क युनिव्हर्सलला विकले. गथ्रीच्या पायाशी बसलेल्या माणसाने गाणी कंपनीला विकावीत हे मला गिटारपेक्षा जास्त लागतं. शाहिराचं गाणं कोणाचं, यावर खरी चर्चा व्हायला हवी.

साऊंडवाला_दादा

तो वेगळा धागा काढा, मी येतो. इथे मला मँचेस्टरचं एक सांगायचंय. ते ध्वनिमुद्रण वर्षानुवर्षं लंडनच्या अल्बर्ट हॉलचं म्हणून चोरून फिरत होतं, १९९८ मध्ये अधिकृत निघालं. मी हेडफोन लावून ऐकलंय. "जुडास" ऐकू येतं, डिलनचं "माझा विश्वास बसत नाही" हे उत्तरही ऐकू येतं, आणि मग बँड जो काही सुटतो! गाणं चांगलं होतं. नक्कीच चांगलं होतं. हॉलमध्ये मागे बसलेल्याला ते तसं ऐकू आलं असेल का, एवढीच शंका आहे.

डफ_आणि_गिटार, पुढच्या वेळी ड्रमचा किक काढा आणि ती जागा डफाला द्या. गिटारचा अँप अर्ध्यावर आणा, तोंड भिंतीकडे करा. तालमीत एकाला शेवटच्या रांगेत उभं करा, त्याला प्रत्येक ओळ लिहून काढायला सांगा. जी ओळ लिहिता आली नाही तिथे थांबा. पैसे नकोत, मी स्वतः येईन.

डफ_आणि_गिटार

नक्की या दादा.

मी मत बदललेलं नाही, वीज राहणार. पण काकूंना विचारायचं होतं. तुमचे वडील ज्या गाण्याला खांदे हलवायचे, त्याची चाल तुम्हाला येते का? आम्हाला शिकवाल का?

बार्शीची_लेक

चाल येते. शिकवीन. गिटारवर घ्यायची की नाही ते ऐकल्यावर बोलू, आत्ता होकार देत नाही. आणि दुसऱ्या कडव्यात दम कुठे घ्यायचा ते फोनवर सांगता येणार नाही. रविवारी घरी या, डफ घेऊन.