प्रोमिथिअसवर एकांकिका बसवतोय, शेवट काय करू?

फोंड्याचा_नाटक्या:
मंडळी, जरा मदत पाहिजे. आमच्या देवळाच्या उत्सवात दरवर्षी मोठ्या नाटकाच्या आधी पोरांची एकांकिका असते, ह्यावेळी शिवाजी-संभाजी सोडून वेगळं काहीतरी करूया म्हणून मी ग्रीक पुराणातला प्रोमिथिअस घेतला. ढोबळ गोष्ट माहीत असेलच, देवांकडचा अग्नी चोरून माणसांना दिला म्हणून देवांचा राजा झ्यूस ह्यानं त्याला कड्याला जखडलं, रोज गरुड येऊन यकृत खाणार, रात्रीत ते परत वाढणार, मग कधीतरी हेराक्लीस नावाचा वीर येऊन गरुडाला मारणार. आता तालमीत दोन पार्ट्या झाल्यात. एक म्हणते शेवटी सुटका दाखवाच, रात्री बारा वाजता लोक टांगलेला माणूस बघून घरी जाणार नाहीत. दुसरी म्हणते झ्यूसनं सोडला तर तो बंडखोर कसला. मुळात काय आहे आणि मोठ्या लेखकांनी ह्याचं काय केलं, कोणी नीट सांगेल का? नेटवर सगळी खिचडी आहे. आणि हीरो पूर्णवेळ बांधलेला, मग स्टेजवर हलणार कोण?

माशेलचा_मास्तर:
मूळ म्हणून एकच गोष्ट नाहीये, खिचडी तिथंच सुरू होते. हेसिअड ह्या जुन्या ग्रीक कवीकडे, म्हणजे ख्रिस्तपूर्व सातव्या-आठव्या शतकात, हा हीरो नाहीच, बेरकी माणूस आहे. मेकोने नावाच्या ठिकाणी बैल कापून दोन वाटे केले, एकात चांगलं मटण पण वर पोटाची पिशवी गुंडाळलेली, दुसऱ्यात नुसती हाडं पण वर चकचकीत चरबी, आणि झ्यूसला म्हणाला घे तुला पाहिजे तो. झ्यूसनं हाडं उचलली आणि रागानं माणसांचा विस्तव काढून घेतला. मग ह्यानं तो बडीशेपेच्या जातीतल्या एका मोठ्या झाडाच्या पोकळ दांड्यातून चोरून आणला. आतला गर हळूहळू धुमसतो, बाहेरून काही दिसत नाही, आपल्याकडे नारळाच्या सोडणात विस्तव राखतात तसं. शिक्षा एकट्याला नाही झाली, माणसांच्या वाट्याला पँडोरा आली, जिच्या भांड्यातून सगळी दुःखं बाहेर पडली ती. हेसिअडचं म्हणणं एवढंच की झ्यूसला कोणी फसवू शकत नाही.

बंडखोर झाला तो पुढे अथेन्सच्या रंगभूमीवर. ते नाटक एस्किलस ह्या नाटककाराच्या नावावर आहे, त्याचंच का ह्यावर अभ्यासकांचं भांडण चालू असतं, ते सोडा. तिथं झ्यूस नुकताच गादीवर बसलेला नवा राजा आहे, आणि ज्या लढाईत तो जिंकला तिच्यात प्रोमिथिअस स्वतः टायटन, म्हणजे जुन्या पिढीतल्या देवांपैकी, असून टायटनांच्या विरुद्ध झ्यूसच्या बाजूनं होता. म्हणजे ज्याला खुर्चीवर बसवला त्यानंच आधी ह्याचा काटा काढला. हे गोव्यातल्या प्रेक्षकाला समजावत बसायची गरज नाही :) नुसता अग्नी पण नाही, आकडे, अक्षरं, औषधं, जहाजं सगळं मीच शिकवलं म्हणतो तो.

हालचाल बाकीच्यांनी करायची. पहिल्याच सीनला त्याला खिळे ठोकतात. ठोकणारा देवांचा लोहार हेफेस्टस मनातून नाराज, हात चालत नाहीत, आणि क्रातोस म्हणजे सत्ता मागे उभा राहून ओरडतोय अजून ठोक, घट्ट ठोक. बरोबर बिया आहे, बळजबरी, तिला एकही वाक्य नाही. पाठांतर होत नाही पण अंगानं दणकट असं कोणी असेल तर हा रोल द्या. आणि ठोकणं चालू असेपर्यंत प्रोमिथिअस तोंडातून शब्द काढत नाही, सगळे गेले की मग आकाश, वारा, नद्या, समुद्र ह्यांना हाक मारतो. हा सीन बसला तर अर्धी एकांकिका झाली समजा. पुढे एकेक जण येत राहतो, समुद्रकन्यांचा कोरस, त्यांचा बाप ओशेनस (नमतं घे रे बाबा म्हणणारा), झ्यूसपायी गाय झालेली, गोमाशीनं पिसाळलेली इओ, शेवटी झ्यूसचा निरोप्या हर्मीस.

प्रोमिथिअसच्या हातात हुकमाचं पान एकच. झ्यूस जिच्या मागे लागेल त्यातल्या एकीचा मुलगा बापाहून मोठा होणार, ती कोण हे ह्याला माहीत आहे. सांग म्हणतात, सांगत नाही, धरणी हादरते, नाटक संपतं. सुटकेचं नाटक वेगळं होतं पण ते हरवलं, तुकडेच उरलेत.

बायो_म्हापसा:
मास्तरांनी ग्रीक बाजू सांगितली, मी इंग्लंडची सांगते. कवी शेलीनं १८२० साली सुटकेचं नाटक नव्यानं लिहिलं आणि प्रस्तावनेतच सांगून टाकलं की माणसांसाठी लढणाऱ्याचा आणि त्यांना छळणाऱ्याचा समेट त्याला पटत नाही. म्हणून त्याच्याकडे ज्युपिटर (म्हणजे झ्यूसच) गादीवरून खालीच पडतो. पण गंमत अशी की त्याआधी प्रोमिथिअस आपण दिलेला शाप मागे घेतो, म्हणजे झुकत नाही पण द्वेषही सोडतो, हे पोरांना करायला कठीण जाईल. आणि दोन वर्षं आधी, १८१८ ला, त्याच्याच बायकोचं, मेरीचं फ्रँकेन्स्टाइन आलेलं, त्याचं उपशीर्षकच आधुनिक प्रोमिथिअस! तिथं निर्माण करणारा आपण केलेल्या जिवाला बघून पळून जातो. एकाच घरात दोन इतकी उलटी पुस्तकं. मला विचाराल तर मेरीचं जास्त खरं वाटतं, अग्नी दिला ठीक आहे पण दिल्यानंतर काय हे तिनं विचारलं, नवरा आणि त्याचे मित्र नुसते बंडावर फिदा.

तुमच्या रात्री बाराच्या प्रेक्षकांसाठी लेखक काफ्का आहे. त्याचं एक पानभर लिखाण आहे, गोष्टीचे चार शेवट दिलेत, त्यातल्या चौथ्यात सगळेच कंटाळतात, देव कंटाळले, गरुड कंटाळले, जखमसुद्धा कंटाळून मिटली.

सत्तरीकर:
एवढ्या लांब कशाला जाता, हा माणूस गोव्याच्या वाटेवरच भेटतो. पोर्तुगीज कवी कामोंइश १५५३ ला गोव्यात आला, त्याचं लुझियाडश १५७२ ला छापलं, वास्को द गामाच्या भारताच्या सफरीचं महाकाव्य. चौथ्या सर्गात जहाजं लिस्बनहून सुटताना किनाऱ्यावर एक म्हातारा उभा राहून सगळ्यांना शिव्याशाप देतो, की हे सगळं तुमच्या हावेपायी, आणि त्यात म्हणतो की इयापेटसच्या मुलानं आकाशातून आग आणून माणसाच्या छातीत घातली ती आग जगाला शस्त्रं, मरण आणि बेअब्रू देऊन गेली. इयापेटसचा मुलगा म्हणजे प्रोमिथिअसच. जिंकायला निघालेल्यांच्या महाकाव्यात त्याच्यावर असा आरोप, मला हे भारी वाटतं.

पाचव्या सर्गात तर अजून. आफ्रिकेच्या टोकाला समुद्रातून आदामास्तोर नावाचा राक्षस वर येतो, देवांविरुद्ध बंड केलेला पृथ्वीचा मुलगा, आता खडक होऊन पडलाय. त्याचं प्रेम कोणावर? थेटिस ह्या समुद्रकन्येवर. म्हणजे जिचं नाव प्रोमिथिअस सांगत नव्हता तीच ही. आणि पृथ्वीचा मुलगा, देवांशी वैर म्हटल्यावर आपला नरकासुर आठवतो की नाही बघा, तो पण भूदेवीचाच, अदितीची कुंडलं पळवलेला. आपण दिवाळीत रात्रभर जागून त्याचा पुतळा एवढा उंच करतो, बक्षिसं लावतो आणि पहाटे तो जाळतो.

फोंड्याचा_नाटक्या:
आदामास्तोर माहीतच नव्हता. पण देवळाच्या मंडपात कामोंइश नको, आमचे जुने लोक खवळतील. त्याचा पुतळा पण ओल्ड गोव्याच्या म्युझियममध्ये आत ठेवलाय तो उगीच नाही.

सत्तरीकर:
नाव घेऊ नका, कल्पना घ्या. आणि जुन्या लोकांना दाखवायचंच असेल तर प्रोमिथिअसला जखडलेला तो कॉकेशस डोंगर कशाला पाहिजे? गोवा मुक्तिलढ्यातल्या त्रिस्तांव ब्रागांझ कुन्यांना पोर्तुगीजांनी १९४६ ला धरलं, लष्करी कोर्टापुढे उभं केलं, आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालात पेनिशच्या किल्ल्यात टाकलं. समुद्राच्या कड्यावरचा किल्ला आहे तो. नेपथ्य तयार.

बायो_म्हापसा:
नको हो, असं जोडलं की प्रोमिथिअस राहतच नाही, पंधरा मिनिटांत भाषण होतं. आपल्याकडे प्रत्येक एकांकिकेला शेवटी मुक्तिलढा चिकटवतात, कंटाळा आला त्याचा. लोकांना जोडायचं तर ते जोडतील.

माशेलचा_मास्तर:
बायोशी सहमत. शेवटावर माझं मत विचारलंत तर तुमच्या दोन्ही पार्ट्या गप्प होतील असा एक जुना धागा आहे. रोमन लेखकांकडे गोष्ट येते की झ्यूसनं सुटका केली पण शपथ तर घेतलेली, हा कायमचा बांधलेला राहील म्हणून. मग तोड काय काढली, बेडीचं लोखंड आणि त्याच कड्याच्या दगडाचा तुकडा ह्यांची अंगठी करून त्याच्या बोटात घातली. मोकळा पण बांधलेला. ह्यात समेट आहे की हार हे प्रोमिथिअसनं बोलून दाखवू नये. हेराक्लीस बेड्या तोडतो, कोरस नाचतो, हर्मीस येऊन अंगठी पुढे करतो, आणि हा बोट पुढे करायला जरा जास्तच वेळ लावतो, तिथं पडदा. अंगठी मोठी करा मात्र, मागच्या खुर्चीवरून दिसली पाहिजे, पत्र्याची चालेल.

फोंड्याचा_नाटक्या:
मास्तर हे जमेल!! पत्र्यापेक्षा लोहाराकडून खरी लोखंडाचीच करून घेतो, खाली पडली तर आवाज तरी होईल. फक्त हर्मीसचा रोल ज्याला दिलाय तो परवापासून कामाच्या शिफ्टमुळे येणार नाही म्हणतोय. तोच झ्यूसच्या पार्टीतला होता.