इंग्रजीतल्या फसव्या शब्दांसाठी पुस्तक सुचवा (टेबलाने दगा दिला)

मेधा_के:
मंडळी, सल्ला हवाय. ऑफिस हिंजवडीत, एक क्लायंट अमेरिकेतला. परवा कॉलवर एका मुद्द्यावर तो म्हणाला 'लेट्स टेबल इट', मला वाटलं विषय मांडायचाय, म्हणून रात्री दीडपर्यंत जागून बारा स्लाइड्स केल्या आणि दुसऱ्या दिवशी उघडल्या तर म्हणतो, हे आपण बाजूला ठेवलं होतं ना? शिवाय लूस आणि लूझच्या स्पेलिंगमध्ये मी दर मेलला गडबडते, अफेक्ट-इफेक्टचं तर विचारूच नका. व्याकरण ठीकठाक आहे हो, पण हे असले शब्द शिकायचे कुठून? पुस्तक, अ‍ॅप काहीही चालेल, क्लास नको.

रात्रपाळी:
ताई, चूक तुमची नाहीच. ब्रिटिश इंग्रजीत टेबल करणं म्हणजे चर्चेला आणणं, अमेरिकेत बरोब्बर उलटं, लांबणीवर टाकणं. आपण तर 'अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवला' ऐकतच मोठे झालो, त्यामुळे आपण मांडणारच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांची याच शब्दावरून चांगलीच जुंपली होती, आणि गंमत म्हणजे दोघांचं म्हणणं एकच होतं, चर्चिलने आठवणींत लिहून ठेवलंय.
पुस्तक म्हणाल तर मायकल स्वॉनचं 'प्रॅक्टिकल इंग्लिश यूसेज', ऑक्सफर्डचं. २०१६ च्या चौथ्या आवृत्तीत व्याकरण विषयवार लावलंय, पण शब्दांच्या घोळाचा भाग ए टू झेडच आहे, तुम्हाला तोच लागणार. जाडजूड आहे, सलग वाचायला जाऊ नका, अडलं की उघडायचं.

काकू_ठाणे:
निवृत्त शिक्षिका बोलतेय, मध्ये तोंड घालते. पुस्तक घ्याच, पण आधी कान तपासा. आपण 'पँट लूज झाली' म्हणतो ना, तिथेच घोळ आहे. सैल ते लूस, शेवटी स. हरवतं ते लूझ. एकदा हे तोंडात बसलं की स्पेलिंग आपोआप येतं, सैल पँटमध्ये जास्तीचा ओ मावतो एवढं लक्षात ठेव. सल्ला अ‍ॅडव्हाइस आणि सल्ला देणं अ‍ॅडव्हाइझ, तिथेही तोच स आणि झ. प्रॅक्टिसला मात्र कान कामाचा नाही, ब्रिटिश नामाला सी आणि क्रियापदाला एस लावतात, अमेरिकन दोन्हीकडे सी लावून मोकळे.
अफेक्ट-इफेक्टचं म्हणशील तर आधी 'द' किंवा 'अ‍ॅन' बसत असेल तिथे बहुतेक वेळा इफेक्टच. अपवाद आहेत पण तुझ्या मेलमध्ये ते येणार नाहीत.

फुकटचा_फौजदार:
स्टेशनरी राहिली की! वह्या-पेनवाली ई ने, जागची न हलणारी ए ने. मूळ एकच बरं का, फेरीवाल्यासारखं न फिरता एका जागी दुकान मांडून बसणारा पुस्तकवाला म्हणजे स्टेशनर. अप्पा बळवंत चौकात एक चक्कर मारा आणि किती पाट्यांवर ए दिसतो ते मोजा :)

रात्रपाळी:
आणि अमेरिकनाला 'माझा भाऊ गेल्या वर्षी पास आउट झाला' सांगू नका, तो विचारेल आता शुद्धीवर आहे का. कुठलाही शब्द अडला तर ऑक्सफर्डची लर्नर्स डिक्शनरी ऑनलाइन फुकट आहे, कुठला अर्थ ब्रिटिश, कुठला अमेरिकन ते शब्दापुढेच लिहिलेलं असतं. टेबल तिथे बघा आधी.

मेधा_के:
बघितलं, दोन्ही अर्थ आहेत, कपाळावर हात मारला. पुस्तक मागवलंय. काकू, ओ मावतो हे डेस्कवर चिकटवलं! अजून एक, आज मेल आलाय, माझं काम 'क्वाइट गुड' आहे म्हणे. हे कौतुकच ना?

काकू_ठाणे:
कुठला आहे तो? अमेरिकन असेल तर खुशाल पेढे वाट. ब्रिटिश 'क्वाइट गुड' म्हणाला तर बहुधा 'ठीक आहे, चालेल'.

मेधा_के:
हा लंडनवाला आहे काकू :(