अनुभव धागा: बेकरी बंद, तल्लफ चालू

मंडळी, जेवण झालंय, बेकरी बंद झालीय आणि जिभेला मात्र काहीतरी खुसखुशीतच हवंय, अशा वेळी घरी कुकीज भाजून खाल्ल्यात का कधी? कशात भाजल्या, किती वेळ लागला आणि मुख्य म्हणजे तल्लफ भागली का, ते लिहा. मागवून खाणाऱ्यांनी नुसतं वाचावं. 😄

माझं उत्तर नानकटाई. मैदा, तूप, पिठीसाखर घरात असतेच. वाटीभर तुपाला वाटीभर पिठीसाखर, दोन वाट्या मैदा, चिमूटभर खायचा सोडा, वेलची. तूप थिजलेलं, रवाळ हवं. परातीत साखरेबरोबर तळहाताने फेसत राहायचं, पिवळट तूप पांढरंशुभ्र होऊन हाताला हलकं लागेपर्यंत. मैदा मात्र नुसता गोळा होईल इतपतच मिसळायचा. ओव्हन 170 वर. एकच कळकळीची विनंती: बाहेर काढल्यावर मऊ लागते म्हणून परत आत ढकलू नका. निवली की आपोआप खुसखुशीत होते. अर्थात तेवढा धीर असता तर रात्री परात काढली असती कशाला!

सोलापुरी चादर
ओव्हन नाही, अडतही नाही. जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर, त्यावर स्टँड, वर झाकण. दहा मिनिटं तापवायची, मग ताटली आत आणि गॅस बारीक. वीस-पंचवीस मिनिटं लागतात. आच खालून असल्यामुळे वरून रंग येत नाही, तेव्हा पांढरी दिसते म्हणून कच्ची समजू नका, बूड बघा. मीठ गार झालं की बरणीत भरून ठेवा, पुढच्या वेळी चालतं (भाजीत नको!).

लहानपणी दिवाळीच्या आधी आई सगळं सामान डब्यांत भरून बेकरीत न्यायची. भट्टीवाला वजन करून मळून द्यायचा आणि बायका आपापल्या ट्रेवर नजर ठेवून तिथेच बसायच्या. आपलं साजूक तूप आणि शेजारणीचा डालडा, अदलाबदल झाली म्हणजे?

डोहाळेवाला
बायकोला सातव्या महिन्यात श्रूजबेरी बिस्किटं हवी झाली, तीही पुण्याच्या कॅम्पातल्या कयानी बेकरीचीच. आम्ही नागपुरात! मग अमूल बटर, पिठीसाखर, मैदा आणि मायक्रोवेव्हचं कन्व्हेक्शन. अमूल बटर खारं असतं, वरून मीठ घालू नका. बाईसाहेबांचा निकाल: "कयानीची नाही, पण अजून दे."

जर्सीकर
इथे चॉकलेट चिप कुकी म्हणजे घराघरातला पदार्थ. मॅसॅच्युसेट्समधल्या व्हिटमन गावी रूथ वेकफिल्ड यांचं टोल हाऊस इन होतं, तिथे 1930 च्या दशकात ही कुकी जन्मली. मी पीठ एकदाच मळते, लिंबाएवढे गोळे करून फ्रीझरमध्ये टाकते. तल्लफ आली की दोनच गोळे काढायचे, 350 फॅरनहाइटला (साधारण 177 सेल्सियस) बारा-चौदा मिनिटं. थंडगार गोळा पसरतो कमी, मध्ये मऊ राहतो. शिवाय दोनच भाजल्या की दोनच खाल्ल्या जातात. सासूबाई आल्या की हा हिशेब कोलमडतो, त्यांना दुधात बुडवून चार लागतात.

नाचणीप्रेमी
नाचणी आणि गूळ. पौष्टिक आहेत, छान आहेत. तल्लफ भागत नाही.

सोलापुरी चादर
@नाचणीप्रेमी, प्रामाणिकपणाला सलाम. 😂 अर्धी कणीक घाला, तूप वाढवा. नाचणीत ग्लूटेन नसतं, त्यामुळे नुसत्या नाचणीच्या कुकीजचा भुगा होतो.

नवशिकी
एअर फ्रायरमध्ये जमतील का? आत्ताच हव्यात.

जर्सीकर
जमतील. 160 सेल्सियसवर ठेवा, सात-आठ मिनिटांनी बघायला लागा. बटर पेपर रिकामा ठेवून तापवू नका, पंख्याच्या वाऱ्याने उडून वरच्या कॉइलला चिकटतो. आधी गोळे, मग बटण.